उजेडाचे शहर, ओस रस्ते : पॅरिसच्या छायाचित्रांतील रिकामेपणाचा विचार

मराठीत माणसे नसलेल्या जागेसाठी एकच एक शब्द नाही. घर रिकामे असते, गाव ओस पडते, भर दुपारी पेठेत शुकशुकाट असतो, रात्री निजानीज झाली की सामसूम होते. या शब्दांत माणसे नसल्याची नोंद आहेच, पण ती का नाहीत हेही प्रत्येकात दडलेले आहे. शुकशुकाटात माणसे घरात असतात, दार उघडून बाहेर येतील अशी असतात. ओस पडलेल्या गावातली माणसे परत येणार नसतात. सामसूम ही दिवसभराच्या गलबल्यानंतरची असते. शहरांच्या छायाचित्रांवर लिहिताना मात्र आपण हे सगळे भेद विसरतो आणि 'निर्मनुष्य अवकाश', 'रितेपण', 'एकाकी नगर' अशा दोन-चार शब्दांवर भागवतो. रिकामा रस्ता दिसला की समीक्षक लगेच आधुनिक माणसाच्या एकटेपणाकडे वळतो. तो रस्ता कोणी, कधी आणि कशासाठी रिकामा केला, हे विचारायचे राहूनच जाते.

प्रस्तुत लेखात मला हा प्रश्न एका शहराच्या संदर्भात विचारायचा आहे. ते शहर पॅरिस. त्याला 'उजेडाचे शहर' म्हणतात आणि छायाचित्रणाच्या जन्मापासून त्याची जेवढी छायाचित्रे निघाली तेवढी फार थोड्या शहरांची निघाली असतील. दागेर, मारव्हील, आत्जे आणि ब्रासाई या चौघांच्या कामातून जवळपास शंभर वर्षांचा पट उभा राहतो. या चौघांच्याही चित्रांत रिकाम्या जागा आहेत, पण ते रिकामेपण एका जातीचे नाही. ते वेगळे कसे आहे ते पाहिले, की 'रिकामी जागा सुंदर दिसते' या आजच्या सर्वमान्य समजुतीकडेही थोडे सावधपणे पाहावे लागेल, असे मला वाटते.

दिवाबत्तीची सुरुवात

पॅरिसचा उजेड सौंदर्यासाठी आला नाही, तो बंदोबस्तासाठी आला. चौदाव्या लुईच्या काळात, १६६७ साली, शहरासाठी पोलीसप्रमुखाचे नवे पद निर्माण झाले. त्यावर नेमलेल्या निकोला द ला रेनीने रस्त्यांवर मेणबत्तीचे कंदील टांगायला लावले. रात्री रस्त्यावर कोण हिंडते हे सरकारला दिसले पाहिजे, हा त्यामागचा हेतू होता. म्हणूनच पुढच्या काळात पॅरिसमध्ये बंडाळी झाली की लोक आधी रस्त्यावरचे दिवे फोडत. दिवा ही त्यांच्या दृष्टीने सोय नव्हती, तो सत्तेचा डोळा होता. १८२९ च्या सुमारास रस्त्यांवर गॅसचे दिवे आले आणि १८७८ साली नव्याकोऱ्या आव्हन्यू द लोपेरावर विजेच्या याब्लोच्कोव्ह मेणबत्त्या लखलखल्या. उजेड वाढत गेला तसे 'पाहणे' आणि 'पाहिले जाणे' या दोन्ही गोष्टी वाढत गेल्या. शहराच्या छायाचित्राचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवायला हवी, कारण छायाचित्रकाराचा कॅमेरा याच उजेडावर चालतो.

दागेर : जे थांबले तेवढेच उरले

१८३८ साली लुई दागेरने आपल्या खिडकीतून बुलव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता वर्दळीचा, नाटकगृहांचा. चित्रात मात्र झाडे, घरे, धुराडी आणि मोकळा रस्ता. त्या काळच्या चांदीच्या पत्र्याला प्रकाश टिपायला काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात चालणारी माणसे आणि घोडागाड्या पत्र्यावर उमटल्याच नाहीत. उमटला तो कोपऱ्यातला एक माणूस, कारण बूट पॉलिश करून घ्यायला तो एक पाय वर ठेवून उभा होता. १८३९ साली सॅम्युएल मोर्सने, तारयंत्रामुळे आपल्याला माहीत असलेल्या त्याच मोर्सने, हे चित्र पाहून आपल्या भावांना पत्र लिहिले. त्यातही या बूटवाल्या माणसाचा उल्लेख आहे.

छायाचित्रात आलेला पहिला माणूस म्हणून या गृहस्थाचे नाव नेहमी घेतले जाते. पण तो एकटा नाही. त्याच्या पायाशी वाकलेला पॉलिशवालाही तिथे आहे, फक्त त्याचे हात हलत असल्याने तो पुसट झाला आहे. मला हा पुसटपणा महत्त्वाचा वाटतो. ज्याला थांबणे परवडले तो स्पष्ट आला आणि ज्याच्या हाताला काम होते तो डाग होऊन राहिला. यात दागेरचा हेतू काही नव्हता, हा रासायनिक क्रियेचा स्वभाव होता. तरीही शहराच्या छायाचित्राचा हा पहिला धडा मानायला हरकत नाही. रिकामा दिसणारा रस्ता रिकामा असतोच असे नाही, आणि त्यातून सर्वांत आधी पुसले जातात ते काम करणारे.

मारव्हील : पाडकामाआधीची नोंद

चार्ल्स मारव्हीलच्या बाबतीत हेतू आला. १८५३ ते १८७० या काळात बॅरन ओस्मान हा सेन प्रांताचा प्रीफेक्ट होता. त्याने जुन्या पॅरिसचे गल्लीबोळ पाडून आज आपण पाहतो ते सरळ, रुंद रस्ते काढले. दागेरच्या चित्रातल्या बुलव्हार द्यु ताँप्लवरची नाटकगृहेही १८६२ साली याच कामात गेली. त्याच वर्षी मारव्हीलला शहराचा अधिकृत छायाचित्रकार हा मान मिळाला. पुढे पालिकेने त्याला जुन्या रस्त्यांची नोंद करण्याचे काम दिले आणि त्यातून ४२५ चित्रांचा संच तयार झाला. म्हणजे ज्या संस्थेने पाडायचे ठरवले तिनेच आठवण ठेवायचेही ठरवले.

ही चित्रे अप्रतिम आहेत यात शंका नाही. मारव्हील ओल्या कोलोडियनच्या काचा वापरत असे. काच ओली असतानाच चित्र घेऊन ते धुवावे लागे, त्यामुळे अंधारखोलीचा सारा संसार बरोबर न्यावा लागे. कॅमेरा तो बराच खाली ठेवी, म्हणून समोरची ओली फरसबंदी चित्राचा मोठा भाग व्यापते. मधोमध वाहणारे गटार, भिंतींवरच्या जाहिराती, वळून दिसेनाशी होणारी गल्ली. माणसे क्वचित, आणि असली तर धुरकट. पाहणाऱ्याला वाटते, इथे कोणी राहतच नाही. वास्तविक या गल्ल्या पॅरिसमधल्या अतिशय दाट वस्तीच्या होत्या.

इथले रिकामेपण तंत्राचे आहे, पण ते पालिकेच्या सोयीचेही आहे. वस्ती नसलेली गल्ली पाडली तर कोणाचे काय गेले? जुन्या भिंतींबद्दल हळहळ वाटू शकते, आणि तशी हळहळ ओस्मानच्या कारभाराला अडचणीची नव्हती. अडचणीचा प्रश्न होता तो भाडेकरूंचा. त्याचे उत्तर मारव्हीलच्याच नंतरच्या एका चित्रात सापडते. १८७० च्या दशकात शहराच्या कडेला, विसाव्या विभागातल्या र्यु शाँप्लँच्या वरच्या टोकाला त्याने कॅमेरा लावला. खाली उतारावर फळकुटांच्या झोपड्या पसरल्या आहेत आणि पुढे एक माणूस बसून त्यांच्याकडे पाहतो आहे. शहराच्या मध्यातून उठवलेली गोरगरीब माणसे अशाच कडेच्या वस्त्यांत जाऊन राहिली होती. गल्ल्यांची चित्रे आणि हे चित्र शेजारी शेजारी ठेवले, की मारव्हीलचे काम पुरे होते. एकटी गल्ल्यांची चित्रे छापणारी पुस्तके त्याचे अर्धेच म्हणणे सांगतात.

याच मारव्हीलने नव्या पॅरिसच्या दिव्यांचीही चित्रे काढली. सुमारे नव्वद दिव्यांचे खांब, एकेका चित्रात एकेक, एखाद्या प्रतिष्ठित माणसाचे व्यक्तिचित्र काढावे तसे मधोमध उभे. ही सारी चित्रे दिवसाउजेडी घेतलेली आहेत, कारण रात्री चित्र घेणे त्या काचांना शक्यच नव्हते. उजेडाच्या शहराचे हे पहिले मोठे चित्रदालन विझलेल्या दिव्यांचे आहे. रस्ता, खांब, काच, नक्षी सगळे आहे. दिवा ज्याच्यासाठी लावायचा तो वाटसरू तेवढा नाही. पालिकेच्या मालमत्तेची यादी म्हणून ही चित्रे चोख आहेत. आजच्या वास्तुछायाचित्रणातल्या पुष्कळ झगमगीत चित्रांची पूर्वज मला याच यादीत दिसते.

आत्जे आणि बेन्यामिनची फिर्याद

युजेन आत्जे (१८५७–१९२७) हा या परंपरेतला सर्वांत गाजलेला आणि माझ्या मते सर्वांत चुकीचा वाचला गेलेला छायाचित्रकार. वाल्टर बेन्यामिनने १९३१ च्या आपल्या छायाचित्रणाच्या छोट्या इतिहासात आत्जेच्या रिकाम्या रस्त्यांकडे लक्ष वेधले. ही चित्रे गुन्ह्याच्या जागेच्या चित्रांसारखी आहेत, ही तुलना त्याआधीही झाली होती. बेन्यामिनने ती उचलून धरली आणि नंतरच्या कलाकृतीविषयीच्या प्रसिद्ध निबंधात तिला राजकीय अर्थ दिला. गुन्ह्याची जागा निर्मनुष्य असते, तिचे चित्र पुरावा म्हणून घेतले जाते, आणि आत्जेपासून छायाचित्र हे इतिहासाच्या खटल्यातले पुरावे होऊ लागले, असा त्याच्या म्हणण्याचा आशय.

कल्पना तेजस्वी आहे. पण तिने आत्जेच्या कामाचा एक भाग झाकून टाकला. आत्जेच्या दारावर पाटी होती 'कलावंतांसाठी दस्तऐवज' अशी. चित्रकार, नेपथ्यकार, लोखंडी नक्षीकाम करणारे कारागीर, ग्रंथालये आणि संग्रहालये ही त्याची गिऱ्हाइके. ज्याला दाराच्या कडीचा नमुना हवा आहे, त्याला दारात उभा माणूस नकोच असतो. शिवाय १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा, लाकडी भात्याचा कॅमेरा आणि तिवई घेऊन हिंडणाऱ्या माणसाला सकाळची वेळ सोयीची. त्याच्या रस्त्यांत जो दिसतो तो मराठीतला शुकशुकाट आहे. दुकानाबाहेर टांगलेले कपडे, भाजीच्या टोपल्या, उभी हातगाडी, काचेआडून डोकावणारा दुकानदार. माणसे आत्ताच आत गेली आहेत किंवा आता बाहेर येणार आहेत.

आणि आत्जे माणसे टाळत होता हेही खरे नाही. १८९८ ते १९०० या काळात त्याने रस्त्यावर धंदा करणाऱ्यांची मालिका केली. फेरीवाले, वाद्य वाजवणारे, लहानसहान कामे करणारे लोक समोर उभे करून त्याने चित्रे घेतली. शहराच्या तटाबाहेरच्या पट्ट्यात राहणाऱ्या चिंध्या वेचणाऱ्यांचा त्याने १९१३ साली स्वतंत्र अल्बम बांधला. १९१० च्या सुमारास त्याने पॅरिसमधल्या घरांच्या अंतर्भागांचा अल्बम केला. त्यात एकही रहिवासी नाही, पण प्रत्येक खोलीखाली कोणत्या धंद्याच्या माणसाचे घर ते लिहिले आहे. यातल्या काही खोल्या त्याच्या स्वतःच्याच घरातल्या आहेत आणि त्या दुसऱ्याच कोणाच्या म्हणून दिल्या आहेत. ही थट्टा होती, की कामगाराचे आणि छायाचित्रकाराचे घर सारखेच असते असे त्याला म्हणायचे होते? काहीही असो, माणूस चित्राबाहेर ठेवूनही त्याच्या पलंगावरून, चुलीवरून, भिंतीवरच्या तसबिरीवरून त्याची ओळख पटते, हे आत्जेला पक्के ठाऊक होते. त्याच्या रिकाम्या खोल्या म्हणजे गैरहजर माणसांची व्यक्तिचित्रे आहेत.

म्हणून बेन्यामिनशी माझा मतभेद असा : आत्जेची चित्रे पुरावा आहेत हे मान्य, पण तो पुरावा गुन्ह्याचा नाही, वहिवाटीचा आहे. इथे कोण राहत होते, कोणता धंदा चालत होता, पायरी कोणाच्या पायांनी झिजली, याचा. जमिनीच्या दाव्यात वहिवाट सिद्ध करावी लागते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १९२० साली आत्जेने जुन्या पॅरिसच्या २,६२१ काचा १०,००० फ्रँकला सरकारला विकल्या. तोही व्यवहार कलाकृतीचा नव्हता, दप्तराचा होता.

आत्जे कलावंत ठरला तो मृत्यूनंतर. त्याच्याच रस्त्यावर राहणाऱ्या मॅन रेने १९२६ साली अतिवास्तववाद्यांच्या मासिकात त्याची काही चित्रे छापली, तीही आत्जेच्या इच्छेनुसार नाव न देता. मॅन रेची साहाय्यक बेरेनिस ॲबट हिने त्याच्या मृत्यूनंतर उरलेला संग्रह मिळवून जपला. पुढे न्यूयॉर्कला परतल्यावर याच ॲबटने रात्रीच्या न्यूयॉर्कचे प्रसिद्ध चित्र घेतले. खाली पाहणारा कॅमेरा, हजारो उजळलेल्या खिडक्या, माणूस एकही नाही. त्यासाठी पंधरा मिनिटांचे एक्स्पोजर लागणार होते. अंधार पडलेला असावा आणि कचेऱ्यांतले दिवेही चालू असावेत, म्हणून तिने डिसेंबरातला अगदी लहान दिवस निवडला आणि पाच वाजायच्या आधीची वेळ साधली. पाचला कारकून घरी गेले की दिवे विझणार. ते निर्मनुष्य दिसणारे चित्र अशा रीतीने कचेरीच्या वेळापत्रकावर उभे आहे. आत्जेचा धडा तिने बरोबर गिरवला होता.

ब्रासाई : रात्रपाळीचे शहर

रात्रीचे पॅरिस खऱ्या अर्थाने पुस्तकात आणले ते ब्रासाईने. मूळ नाव ज्युला हालास, जन्म १८९९, ट्रान्सिल्व्हेनियातल्या ब्राशो गावचा. त्या गावावरूनच त्याने हे टोपणनाव घेतले. १९२४ साली तो पॅरिसला आला. त्याच्या 'पारी द न्युई' या पुस्तकावर १९३३ हे साल आहे. पॉल मोराँची प्रस्तावना, सर्पिल तारेची बांधणी, आणि कडेला समास न सोडता पानभर पसरलेली चित्रे. ग्रॅव्ह्युअर छपाईतला काळा रंग इतका दाट, की पान उलटताना हाताला काजळ लागेल असे वाटावे.

ब्रासाईचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. दिव्याचा झोत सरळ भिंगात आला तर चित्र जळते. म्हणून तो दिवा झाडाच्या बुंध्याआड, खांबाआड किंवा भिंतीच्या कोपऱ्याआड ठेवी. दिवा दिसत नाही, त्याचा उजेड दिसतो. पाऊस आणि धुके त्याला आवडे, कारण ओली फरसबंदी उजेड परत फेकते आणि धुके तो पसरवते. एक्स्पोजर तो सिगारेटीवर मोजत असे : उजेड बरा असला तर एक गोलवाझ संपेपर्यंत, अंधार जास्त असला तर एक बोयार. मारव्हीलने विझलेले दिवे दाखवले होते. ब्रासाईने दिवे लपवले आणि उजेड दाखवला. पालिकेच्या मालमत्तेतून दिवा सुटला तो इथे.

त्याचे धुक्यातले रस्ते, मेट्रोचे खांब, बागांची कुंपणे ही सर्वत्र छापली जातात. ती पाहून ब्रासाई हा रिकाम्या शहराचा कवी आहे असा ग्रह होतो. परंतु त्याचे रात्रीचे काम एकत्र पाहिले, तर त्या रिकाम्या रस्त्यांच्या मधे मधे माणसे येतात : रूळ घासणारे, मैलाटाक्या उपसणारे, भाजीच्या घाऊक बाजारातले हमाल, गस्तीचे पोलीस, पुलाखाली झोपलेले बेघर. र्यु एमिल रिशारवरचा दिवे विझवणाराही त्यात आहे. दिव्यांच्या शहरात दिवा हाताने लावणारा आणि विझवणारा कोणी असतो, हे मारव्हीलच्या नव्वद चित्रांत कुठेही नव्हते.

ब्रासाई निर्दोष होता असे नाही. काही प्रसंग त्याने मांडणी करून घेतले होते. गुन्हेगार आणि वेश्या यांच्याकडे पाहण्यात कुतूहलाबरोबर थोडी हौसही आहे, आणि अशी बरीच चित्रे १९७६ साली तिसाव्या दशकातल्या गुप्त पॅरिसवरच्या पुस्तकातून पुढे आली. तरीही रस्ता सामसूम का आहे याचे उत्तर त्याच्या चित्रांतच मिळते. शहर झोपले आहे, आणि ते झोपू शकते कारण काही माणसे जागी आहेत. त्या जाग्या माणसांना वगळून फक्त धुके आणि दिवे तेवढे भिंतीवर लावणे हा ब्रासाईवर अन्याय आहे, आणि त्यांच्यावर तर आहेच.

आजचे रिकामेपण

दागेरची जी मर्यादा होती ती आज विकत मिळते. भिंगावर गडद काच लावून एक्स्पोजर हजारपट वाढवता येते, की गर्दीचा चौक भरदिवसा रिकामा. नाहीतर एकाच जागेची वीसेक चित्रे घ्यावीत आणि जे हलले ते संगणकाकडून पुसून घ्यावे. दागेरचा पॉलिशवाला निदान डाग म्हणून उरला होता. आता तोही उरत नाही. आणि हे पुसणे 'स्वच्छ चित्र' म्हणून शिकवले जाते.

उजेडाची मालकी हा दुसरा मुद्दा. गुस्ताव्ह आयफेल १९२३ साली वारला, त्यामुळे मनोऱ्याच्या बांधकामावर आता कोणाचा स्वामित्वहक्क नाही. पण १९८५ साली पिएर बिदोने केलेली त्याची रोषणाई ही स्वतंत्र कलाकृती मानली जाते. तिच्या रात्रीच्या चित्राचा धंद्यासाठी वापर करायचा तर संचालक कंपनीची परवानगी लागते. दिवसाचा मनोरा सर्वांचा, रात्रीचा मनोरा कंपनीचा. १६६७ साली सत्तेने उजेडातून माणसांवर नजर ठेवली. आज उजेडाकडे पाहणाऱ्याच्या नजरेवर हक्क सांगितला जातो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पॅरिसचे रस्ते खरोखर रिकामे झाले आणि त्यांची चित्रे जगभर गेली. त्यांना आत्जेची आठवण देणारी चित्रे म्हटले गेले. मला त्यांत आत्जे कमी आणि मारव्हील जास्त दिसला. इमारती, खांब, चौक. घरोघर सामान पोचवणारा सायकलस्वार ज्या थोड्या चित्रांत आला, ती मला अधिक खरी वाटली.

हा विचार आपल्याला परका नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते निघाले. ओस्मानच्या पॅरिसशी हे नाते उघड आहे. आज मुंबईच्या वारशावरची देखणी पुस्तके चाळताना मी एक गोष्ट पाहतो. रोषणाईत न्हालेल्या दगडी इमारतीचे चित्र बहुधा तिच्या पायरीपाशी कापलेले असते. खाली फूटपाथ असतो, आणि मुंबईच्या फूटपाथवर रात्री कोण असते हे सांगायला नको. चौकट कुठे कापली, हा तंत्राचा प्रश्न आहेच. तो त्याहून जास्त शेजारधर्माचा प्रश्न आहे.

रिकाम्या जागांची चित्रे काढूच नयेत असे माझे म्हणणे नाही. आत्जेची रिकामी खोली भरगच्च मिरवणुकीपेक्षा जास्त माणसे दाखवते. माझे म्हणणे समीक्षेपुरते आहे. चित्रातला रस्ता ओस आहे, की तिथे शुकशुकाट आहे, की सामसूम, की कोणीतरी तो रिकामा करून घेतला आहे, हे आपण आपल्याच भाषेतल्या शब्दांनी आधी ठरवावे. एकटेपणाबद्दल बोलायचे ते त्यानंतर. पुष्कळदा असे दिसेल, की तिथे कोणीच एकटे नव्हते. पॉलिशवाला होता, भाडेकरू होते, कचेरीतले कारकून होते, दिवा विझवणारा होता.